हवालदार नसलेल्या रस्त्यावर

ब्रिटनमध्ये नव्यानं आलेल्या मराठी माणसाला गाडी चालवायचं फारसं दडपण नसतं. डावीकडूनच चालवायची, स्टिअरिंगही उजवीकडेच. ऐन दिवाळीत पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावरून ज्यानं गाडी सहीसलामत बाहेर काढली आहे, त्याला इथली वाहतूक म्हणजे सुट्टीच वाटते. चौकात शिट्टी नाही, वळणाआड दबा धरून बसलेला हवालदार नाही, काच खाली करा म्हणून कुणी खुणावत नाही. आणि मग दहा-बारा दिवसांनी दाराच्या फटीतून एक पाकीट आत पडतं. त्यात आपल्या गाडीचा फोटो असतो.

रेडिंगमध्ये बरीच वर्षं काढल्यामुळे अशी पाकिटं घेऊन लोक माझ्याकडे येतात. मी वकील नाही. आलेलं पत्र मागच्या बाजूच्या बारीक अक्षरांसकट वाचायची खोड आहे, एवढंच. आपल्याकडे सिग्नलवरचा वाद सिग्नलवरच मिटतो, निदान मिटवता येतो. इथं तो कागदावर चालतो, आणि कागदावर तुमच्या कारणापेक्षा तारखेला जास्त वजन असतं. पुढचं सगळं त्या अनुभवातून.

१. आपलं लायसन्स बारा महिने चालतं

इथं राहायला आल्यापासून बारा महिने भारतीय लायसन्सवर गाडी चालवता येते. ऑस्ट्रेलिया, जपान अशा काही देशांचं लायसन्स इथं परीक्षा न देता बदलून मिळतं. भारत त्या यादीत नाही. त्यामुळे वीस वर्षं गाडी हाकलेल्यालाही शिकाऊ लायसन्स, थिअरी आणि रस्त्यावरची परीक्षा, सगळं पहिल्यापासून. बारा महिने उलटल्यावर तशीच गाडी काढलीत, तर लायसन्स नाही एवढ्यावर भागत नाही, विमाही गोत्यात येतो. विनाविमा गाडी चालवली तर ३०० पौंड दंड, लायसन्सवर ६ पॉइंट, आणि पोलीस गाडी उचलून नेऊ शकतात ते वेगळंच. रस्त्यावरच्या परीक्षेची तारीख मिळायला महिनोन् महिने लागू शकतात, म्हणून घरात सोफा येण्याआधी शिकाऊ लायसन्सचा अर्ज जाऊ द्या.

थिअरीत ५० पैकी ४३ गुण लागतात, आणि व्हिडिओतला धोका ओळखायच्या भागात ७५ पैकी ४४. रस्त्यावर साधारण चाळीस मिनिटं. बारीकसारीक चुका १५ पर्यंत माफ, गंभीर एक झाली की घरी. आपल्या माणसांना गाडी फार येते, घोळ तिथंच होतो. आरसा डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतात, मान हलत नाही, मग परीक्षक लिहितो ‘पाहिलं नाही’. रिकाम्या चौकात ‘स्टॉप’च्या पाटीपुढं गाडी पुरती थांबवत नाहीत, नुसती हळू करतात. चार-पाच तास इथल्या शिक्षकाबरोबर घालवले की या सवयी सुटतात. त्या पैशाचा हिशेब करू नये.

पास झाल्यावर पेढे वाटताना एक गोष्ट मी मुद्दाम सांगते. पहिली दोन वर्षं तुम्ही नवशिके. भारतातला अनुभव इथं धरत नाहीत. त्या दोन वर्षांत ६ पॉइंट झाले की लायसन्स रद्द, पुन्हा शिकाऊपासून सुरुवात. गाडी चालवताना फोन हातात धरल्याची शिक्षा २०० पौंड आणि नेमके ६ पॉइंट. लाल सिग्नलला उभे असताना नकाशा बघायला उचललात, तरी तेच.

२. पाकीट फोडल्यावर आधी पाठवणारा कोण ते बघा

कागदावर पीसीएन ही अक्षरं दिसली की सरकारी दंड, हा समज पक्का असतो. कौन्सिलचा दंड आणि खाजगी पार्किंग कंपनीची मागणी, दोन्हींची आद्याक्षरं हीच आहेत. खाजगी पत्राचा थाटही सरकारी दिसेल असाच असतो. कायदा मात्र दोघांचा अगदी वेगळा.

कौन्सिलची नोटीस म्हणजे कायद्यानं ठरवलेला दंड. पार्किंगसाठी लंडनबाहेरच्या इंग्लंडमध्ये ५० किंवा ७० पौंड, लंडनमध्ये १६० पर्यंत. १४ दिवसांत भरला तर सहसा निम्मा. हरकत घ्यायची असेल तर मात्र आधी पैसे भरू नका, कारण भरले की प्रकरण मिटलं. या १४ दिवसांत हरकत पाठवली, तर ती फेटाळताना बहुतेक कौन्सिलं निम्म्या रकमेची संधी पुन्हा देतात. त्याच्यापुढं स्वतंत्र न्यायाधिकरण आहे, लंडनसाठी एक आणि उरलेल्या इंग्लंड-वेल्ससाठी दुसरं. अपिलाला फी नाही, पण तिथवर गेलात की सवलत गेली. म्हणून माझा पहिला प्रश्न असतो, फोटो आहे का? ‘पाटी झाडाआड होती’ असं म्हणायचं तर झाडाचा फोटो हवा, आणि तो त्याच आठवड्यातला. दोन महिन्यांनी त्याच फांद्या बोडक्या असतात.

खाजगी कंपनीची नोटीस हा दंड नव्हेच, तो कराराचा मामला आहे. सुपरमार्केटच्या आवारात शिरताना उजव्या हाताला जी बारीक अक्षरांची पाटी दिसते, तो करार. आत शिरून गाडी लावलीत म्हणजे तुम्ही तो मान्य केलात. मागणी १०० पौंडांपर्यंत असते, १४ दिवसांत भरली तर बहुधा ६०.

‘खाजगीवाल्यांची पत्रं सरळ फाडून टाका, काही होत नाही’ हा सल्ला मराठी व्हॉट्सॲप गटांवर अजून फिरतो. देणारा माणूस बहुधा २०१२ च्या आधी इथं आलेला असतो. त्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये खाजगी जागेत गाडीच्या चाकाला जॅमर लावायला बंदी आली, आणि त्याच कायद्यानं कंपन्यांना दुसरं हत्यार मिळालं. चालक कोण ते कळलं नाही तर ठरावीक अटींवर गाडीच्या नोंदणीकृत मालकाकडून पैसे मागता येऊ लागले. मग आला बॅरी बेव्हिसचा खटला. चेल्म्सफर्डच्या एका बाजार-आवारात दोन तास पार्किंग फुकट होतं, हे गृहस्थ जवळजवळ तासभर जास्त राहिले आणि ८५ पौंडांची मागणी अवाजवी आहे म्हणून सुप्रीम कोर्टापर्यंत लढले. २०१५ मध्ये हरले. तेव्हापासून ‘फाडून टाका’ या सल्ल्यात दम राहिलेला नाही.

याचा अर्थ कंपनी नेहमी बरोबर असते असा मुळीच नाही. माझ्या भाच्याला आलेल्या पत्रात त्याच्या गाडीचे दोन फोटो होते. एक सकाळी सव्वानऊला आत येतानाचा, दुसरा संध्याकाळी पावणेसातला बाहेर पडतानाचा. म्हणजे त्यानं साडेनऊ तास दुकानापुढं गाडी लावली, असा आरोप. प्रत्यक्षात सकाळी तो दूध-ब्रेड घेऊन पाच मिनिटांत निघाला होता आणि संध्याकाळी कोथिंबिरीसाठी परत आला होता. मधला सगळा वेळ गाडी ब्रॅक्नेलला ऑफिसात. सकाळचं बाहेर पडणं आणि संध्याकाळचं आत येणं, दोन्ही कॅमेऱ्यानं गाळलेली. असं होतं, रांगेत पुढं मोठी व्हॅन असली की नंबरप्लेट टिपली जात नाही. भाचा संतापून दोन पानांचं पत्र लिहायला बसला होता. मी म्हटलं, चार ओळी पुरेत. दुकानाच्या दोन पावत्या आणि ऑफिसच्या गेटवरची नोंद जोड. पंधरा दिवसांत मागणी मागे घेतली. घेतली नसती तर पुढची पायरी पॉपला किंवा आयएएस या अपील ऐकणाऱ्या संस्था, कंपनी ज्या संघटनेची सभासद असेल त्याप्रमाणे. तिथंही २८ दिवसांची मुदत असते, आणि पॉपलाचा निकाल कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. ही सोय फार कमी लोकांना ठाऊक असते.

३. ‘गाडी बायको चालवत होती’ हे खरं असेल तरच लिहा

तिसरं पाकीट पोलिसांचं, बहुतेक वेळा वेगाबद्दल. मालकाच्या पत्त्यावर पहिली नोटीस गुन्ह्यापासून १४ दिवसांत पोहोचायला हवी. कंपनीची किंवा लीजची गाडी असेल तर ती आधी त्यांच्याकडे जाते, तुमच्या हातात महिन्यानं पडली म्हणून मुदत चुकली असं होत नाही. चालक कोण होता ते २८ दिवसांत कळवायचं. कळवलं नाही तर त्याचेच ६ पॉइंट, म्हणजे मूळ गुन्ह्याच्या दुप्पट. वेगाची किमान शिक्षा १०० पौंड आणि ३ पॉइंट. थोडाच वेग जास्त असेल आणि मागच्या तीन वर्षांत कोर्स केलेला नसेल, तर पॉइंटांऐवजी एका वर्गात बसायची संधी मिळू शकते. ती घ्यावी. तीन वर्षांत १२ पॉइंट साठले की कोर्टाकडून साधारण सहा महिने गाडी बंद.

पॉइंट घरातल्या घरात वाटून घेऊ, हा विचार इतका आपसूक येतो की त्यात काही गैर आहे असं कुणाला वाटतच नाही. ‘मीना तशीही गाडी चालवत नाही, तिचं लायसन्स कोरं आहे.’ असं माझ्या स्वयंपाकघरात बसून बोलणाऱ्याला मी ख्रिस ह्यून यांचं नाव सांगते. ब्रिटनच्या मंत्रिमंडळातले माजी मंत्री. २००३ मध्ये एम ११ वर त्यांची गाडी कॅमेऱ्यात सापडली आणि पॉइंट तेव्हाच्या पत्नी व्हिकी प्राइस यांनी घेतले. पुढं लग्न मोडलं, गोष्ट बाहेर आली, आणि २०१३ मध्ये दोघांनाही आठ-आठ महिन्यांची शिक्षा झाली. तीन पॉइंटांसाठी. एवढं सांगितलं की मीनाचा नवरा गुपचूप स्वतःचं नाव लिहितो.

वेगाची मर्यादा लक्षात ठेवायची युक्ती पाटीत नाही, दिव्यांच्या खांबांत आहे. रस्त्याला दिवे आहेत आणि वेगळी पाटी नाही, म्हणजे ताशी ३० मैल. वेल्समध्ये सप्टेंबर २०२३ पासून तेच २०. स्नोडोनियाच्या सहलीहून परत आलेल्यांकडे हे पाकीट हमखास असतं.

४. पत्ता बदला

घर बदललं की बँक, डॉक्टर, शाळा सगळ्यांना कळवतात आणि गाडीचं लॉगबुक, म्हणजे नोंदणीपत्र, राहतं. पत्ता बदलायला एक पैसा लागत नाही, न बदलल्याचा दंड १,००० पौंडांपर्यंत. खरा घोटाळा दंडाचा नाही. ६० पौंडांची नोटीस जुन्या घरी जाते, स्मरणपत्रंही तिथंच, कोर्टाचा कागदही तिथंच. उत्तर येत नाही म्हणून निकाल विरुद्ध जातो. महिन्याभरात पैसे भरले नाहीत तर ती नोंद सहा वर्षं पत-अहवालात राहते. घराच्या कर्जाला नकार आल्यावर लोकांना तिचा शोध लागतो. लायसन्सवरचा पत्ता वेगळा आणि लॉगबुकवरचा वेगळा, दोन्ही बदलावे लागतात.

५. पाटी पूर्ण वाचा, खालची ओळसुद्धा

दोन पिवळ्या रेषा म्हणजे कधीच नाही. एक पिवळी रेष म्हणजे खांबावरच्या वेळांत नाही. झेब्राजवळच्या नागमोडी पांढऱ्या रेषांवर थांबायचंसुद्धा नाही. हे सगळे शिकतात. न शिकलेली जागा म्हणजे वेम्ब्ली. ईलिंग रोडवर कढीपत्ता, शेवग्याच्या शेंगा, साड्या घ्यायला दूरदूरहून माणसं येतात, आणि आजूबाजूच्या गल्ल्यांत एरवी जिथं गाडी चालते, तिथंच स्टेडियममध्ये सामना किंवा गाण्याचा कार्यक्रम असला की फक्त परवानाधारक. पाटीवर ‘इव्हेंट डे’ असं लिहिलेलं असतं, पुढच्या कार्यक्रमाची तारीख कुठं तरी वेगळ्याच फलकावर. निघण्याआधी स्टेडियमचं वेळापत्रक बघावं. अर्ध्या पौंडाच्या कढीपत्त्यासाठी कौन्सिलची नोटीस घेऊन परतलेली माणसं मी पाहिली आहेत.

फुटपाथवर दोन चाकं चढवून लावायची आपली सवय लंडनमध्ये १९७४ पासून बेकायदा आहे. स्कॉटलंडमध्येही डिसेंबर २०२३ पासून त्याला दंड सुरू झाला.

६. फाटक नसलेले टोल

खालापूरला टोल चुकत नाही, कारण फाटक समोर असतं. इथं फाटकच नाही. कॅमेरा नंबर टिपतो, पैसे भरायची आठवण तुम्ही स्वतःला करून द्यायची. थेम्सखालच्या डार्टफर्डच्या बोगद्याचे नाके २०१४ मध्ये काढले. आता मोटारीला ३.५० पौंड, रात्री दहा ते सकाळी सहा फुकट, आणि भरायची मुदत दुसऱ्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत. मध्य लंडनचा कंजेशन चार्ज २००३ मध्ये ५ पौंडांनी सुरू झाला, २०२६ च्या जानेवारीपासून १८ झाला. तो भरायला तिसऱ्या दिवसाची मध्यरात्र. यूलेझचे १२.५० पौंड वेगळे, आणि ऑगस्ट २०२३ पासून लंडनच्या सगळ्या बरोंमध्ये. तो साधारण २००६ च्या आधीच्या पेट्रोल आणि २०१५ च्या आधीच्या डिझेल गाड्यांना लागतो, चोवीस तास, नाताळचा एक दिवस सोडून. यातली खोच दिवसाची आहे. दिवस मध्यरात्री संपतो. जुन्या डिझेल गाडीतून लंडनला मराठी नाटकाला गेलात, नंतर जेवण, मग पार्किंगमध्ये अर्धा तास गप्पा, आणि बारा वाजून पाच मिनिटांनी गाडी काढलीत, तर दोन दिवसांचे २५ पौंड.

हीथ्रोवर टर्मिनलच्या दारात आई-बाबांना सोडायचं शुल्क २०२१ मध्ये ५ पौंडांनी सुरू झालं आणि पुढं वाढतच गेलं. तेही दुसऱ्या दिवशी मध्यरात्रीच्या आत भरायचं, आणि नेमकं त्याच दिवशी घर रिकामं वाटत असतं, कुणाला टोल आठवतो? गाडी पार्किंगमधून काढण्याआधी फोनवर भरून टाकावं. बॅगा कमी असतील तर लाँग स्टे पार्किंगला सोडणं फुकट आहे, तिथून बस टर्मिनलला नेते. हे सगळे पैसे भरताना शोधयंत्रात पहिली दिसेल त्या साइटवर जाऊ नका. अधिकृत वाटणाऱ्या मध्यस्थ साइट्स वर असतात आणि मधल्यामध्ये जास्तीचे पैसे काढतात.

७. डिपर उलटा वाचायचा

आपल्या हायवेवर समोरच्यानं डिपर मारला म्हणजे ‘मी येतोय, बाजूला हो’. इथं रूढ अर्थ ‘या तुम्ही आधी’. अरुंद गल्लीत दोन गाड्या समोरासमोर आल्या की ब्रिटिश माणूस डिपर मारून थांबतो, आपला माणूस तो पाहून थांबतो, आणि मग दोघंही एकमेकांकडे बघत बसतात. उलट झालं तर जास्त वाईट. आपण ‘येतोय’ म्हणून मारलेला डिपर बघून समोरचा निर्धास्तपणे पुढं येतो. हायवे कोड मात्र यातलं काहीच मानत नाही. त्याच्या मते डिपरचा अर्थ फक्त ‘मी इथं आहे’. म्हणून कुणी डिपर मारला तरी रस्ता स्वतः बघूनच निघावं, आणि पलीकडे गेल्यावर स्टिअरिंगवरून चार बोटं उचलावीत. न उचलणाऱ्याबद्दल इथली माणसं दिवसभर बोलतात.

हॉर्न वस्तीत रात्री साडेअकरा ते सकाळी सात बंद, आणि उभ्या गाडीतून धोका असल्याशिवाय कधीच नाही. लग्नघराबाहेर ‘चला लवकर’ म्हणून वाजवलेलाही त्यात आला. चौकात वळताना रस्ता ओलांडायला उभा असलेला माणूस आधी, असं जानेवारी २०२२ पासून हायवे कोडमध्ये स्पष्ट लिहिलंय. ब्रिटिशांनाही ते अजून पुरतं पचलेलं नाही.

८. आजीची मांडी चालत नाही

मुलाला १२ वर्षं पूर्ण होईपर्यंत किंवा उंची १३५ सेंटिमीटर होईपर्यंत, यातलं जे आधी होईल तोवर, त्याला योग्य ती सीट हवी. भारतातून महिनाभरासाठी आलेली बहीण आणि तिचं पोर गाडीत बसलं की मागून आवाज येतोच, ‘अगं, मी घेते मांडीवर, दहा मिनिटांचा तर रस्ता.’ दंड चालवणाऱ्याला. माहेरची माणसं येणार कळलं की मी आधी मराठी गटावर सीट मागून ठेवते. कुणाच्या तरी माळ्यावर ती पडलेली असतेच.

९. जुनी गाडी घेताना चहाच्या आधी नंबर टाका

महाराष्ट्रात खाजगी गाडीचा रोड टॅक्स नोंदणीच्या वेळी एकरकमी भरतात आणि विषय संपतो. इथं तो चालू राहतो, आणि गाडी विकली की उरलेला टॅक्स विकणाऱ्याला परत जातो. गाडीबरोबर येत नाही. काचेवरची टॅक्सची चकती २०१४ मध्येच गेली, त्यामुळे बघून काही कळत नाही. ‘अजून सात महिने टॅक्स आहे’ असं विकणारा म्हणाला तर त्याच्यासाठी ते खरं आहे, तुमच्यासाठी नाही.

तीन वर्षांवरच्या गाडीला दर वर्षी एमओटी लागते, म्हणजे आपल्या पासिंगसारखंच. मोटारीला जास्तीत जास्त ५४.८५ पौंड. त्याचा खरा फायदा खरेदीदाराला आहे. गाडीचा नंबर सरकारी साइटवर टाकला की आजवरच्या सगळ्या तपासण्या फुकट दिसतात. कोणत्या वर्षी किती मैल चालली, कधी नापास झाली, ‘ब्रेक झिजलेत’ असा शेरा किती वेळा पडला. मैल एका वर्षी वाढण्याऐवजी कमी झालेले दिसले तर चहा पिऊन निघून यावं.

सौदा ठरला की विमा तिथंच बसून, फोनवर. मग लॉगबुकाची जी चिठ्ठी नव्या मालकाला मिळते, तिच्यावरचा बारा आकडी क्रमांक टाकून टॅक्स. मग किल्ली. विकणारा आपल्याच गल्लीतला असला आणि ‘अरे, दोन मैल तर जायचंय’ म्हणाला, तरी याच क्रमानं. त्या दोन मैलांत कॅमेरे असतात.